पायपेटीचा भाव

माझी छत्तीस वर्षांची नोकरी दुसऱ्यांच्या वस्तूंची किंमत ठरवण्यात गेली. सोनं, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, दुभती म्हैस. सगळ्यांना मी तारणाच्या रकान्यात बसवलं. पण गेल्या वर्षी घुग्घुसला वहिनीनं दादाच्या ऑर्गनवरचं फडकं बाजूला सारून विचारलं, ‘भाऊजी, याचे किती येतील?’ आणि मला आकडा सुचेना.

दादा कोळसा खाणीत कारकून होता. दिवसा हजेरीपट, आणि दिवाळीनंतर मंडईचे दिवस लागले की रात्री ऑर्गन. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत आजही नाटक रात्री सुरू होतं ते पार उजाडेपर्यंत चालतं. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. तिथून बोलावणं आलं की दादा रजेचा अर्ज टाकून निघे. येण्याजाण्याचा खर्च वजा जाता हाती काय उरे, ते वहिनीलाच ठाऊक.

2022 च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डातलं एक घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी. माणसं वाचली, पण वहिनीची झोप उडाली. दादा गेल्यावर तिथं एकटीनं राहणं तिला नकोच झालं. नागपूरला मुलाकडे जायचं ठरलं. त्याच्या दोन खोल्यांत ऑर्गन मावणार नव्हता, आणि सुनेच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, हा वहिनीचा हट्ट होता.

संगीत नाटकाला जाणाऱ्या वाचकांनी हे वाद्य पाहिलं असेल. पायांनी भाता चालवायचा, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. हातपेटीत हवा पितळी सुरांतून बाहेर ढकलली जाते. अमेरिकन धाटणीच्या ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते, म्हणून स्वर मऊ येतो. अमेरिकेतल्या ‘एस्टे’ या एकाच कारखान्यानं असे पाच लाखांवर ऑर्गन केले. 1960 च्या सुमारास तोही बंद पडला.

तिकडेही हाच प्रश्न आहे. आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या, भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळ्या 1920 च्या दशकात तिथं खूप खपत. तो पियानोही पायानं भाता हलवून, ओढलेल्या हवेवरच वाजे. पुढे रेडिओ आणि ग्रामोफोन यांनी त्याला हटवलं. आता त्या गुंडाळ्या जमवणारे म्हातारे झाले, मुलांकडे जागा नाही. जुने ऑर्गन तर कधी कधी फुकट देऊ म्हटलं तरी कोणी नेत नाही.

दादाच्या दोनशेवर तबकड्याही होत्या, 78 फेऱ्यांच्या, लाखेच्या. ही लाख पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवरच्या किड्यांची; म्हणजे आपल्या रानातल्याच झाडांची. इथं मी चूक केली. एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला ‘हव्या त्या निवडा’ म्हणालो. त्यानं नाट्यगीतांच्या चौदा उचलल्या, आणि उरलेल्यांना मग कोणी हात लावेना. चांगला माल आधी काढला की बाकीचा पडून राहतो, हे मी कर्जदारांना सांगत असे. घरचा माल विकताना नेमकं तेच विसरलो. कोणाच्या घरी असं काही असेल तर आधी यादी करा, आणि द्यायचं तर सगळं एकत्र द्या.

ऑर्गनला तीन गिऱ्हाइकं आली. भंगारवाल्यानं पितळ आणि लाकूड वजनावर मागितलं. नागपूरचा एक हॉटेलवाला दर्शनी भागात शोभेला ठेवायला अठरा हजार रोख देत होता. तिसरा गडचिरोलीकडचा तरुण, नाटकांत वाजवणारा. तो आधी बसला. भाता गळका होता, दोन सूर मुके. तरी त्यानं वाजवलं. मग म्हणाला, ‘बारा हजार देईन जी, पण तीन खेपेत. मंडईचे पैसे आले का देतो.’

माझ्यातला अधिकारी जागा झाला. जामीन कोण? तारण काय? मी हॉटेलवाल्याच्या बाजूनं कौल दिला. वहिनीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘भाऊजी, त्या हॉटेलात याले कोणी वाजवेल का?’

मी गप्प.

‘मग सहा हजार माझे गेले, असं लिवा.’

सहा हजार तिला थोडे नव्हते. नागपूरला ती ठरवल्यापेक्षा हलक्या हातानं गेली, हे मला माहीत आहे.

दोन खेपा आल्या, तिसरी अजून यायची आहे. परवा फोनवर वहिनीनं तिच्याबद्दल नाही विचारलं. भाता दुरुस्त झाला का, एवढंच विचारलं. मी चौकशी केली. झाला आहे. माझ्या वहीत मात्र ते चार हजार ‘येणे बाकी’ म्हणूनच आहेत. सवय जात नाही.