उष्ट्याचं वजन

सोलमध्ये नव्याने राहायला आलेल्या माणसाची पहिली परीक्षा स्वयंपाकघरात होते. अंड्याचं टरफल टाकायचं कुठे? अन्नाच्या डब्यात नाही. कांद्याची सालं, कोंबडीची हाडं, शिंपल्या, पीचची कोय, चहाचा चोथा, यातलं काहीच तिथे चालत नाही. ते सगळं साध्या कचऱ्याच्या पिशवीत. कलिंगडाची सालं मात्र अन्नाच्या डब्यात, आणि तीही बारीक चिरून. हे सगळं ठरवणारी कसोटी एकच: जनावर खाऊ शकेल का? खाऊ शकत असेल तर ते अन्न, नाहीतर कचरा.

पुढची पायरी इमारतीच्या खाली. तिथे झाकण बंद असलेलं, कमरेएवढ्या उंचीचं यंत्र उभं असतं. घराचं कार्ड टेकवलं की झाकण उघडतं. डबा रिकामा करायचा, झाकण मिटतं आणि छोट्या पडद्यावर आकडे उमटतात: आज इतके ग्रॅम, इतके वॉन. दर भागाभागांत बदलतो, पण साधारण किलोला शंभर-दोनशे वॉन, म्हणजे सहा ते बारा रुपये. रक्कम किरकोळच आहे, तरी काल रात्री उरलेल्या भाताला वजन होतं हे तो आकडा रोज डोळ्यांसमोर आणतो.

हा आकडा पडद्यावर यायला दक्षिण कोरियाला बरीच वर्षं लागली, आणि त्याची सुरुवात दुर्गंधीपासून झाली. सोलच्या पश्चिमेला हान नदीकाठी नांजिदो नावाचं बेट होतं. फुलांसाठी ओळखलं जाणारं, भुईमूग पिकवणारं. १९७८पासून १९९३पर्यंत राजधानीचा कचरा तिथे पडत राहिला आणि सपाट बेटावर शंभर मीटरच्या आसपास उंचीचे दोन डोंगर उभे राहिले. आज त्यांच्यावर गवत डोलतं आणि २००२च्या विश्वचषक फुटबॉलच्या निमित्ताने तिथे मोठी बाग झाली. तोवर कचऱ्याच्या गाड्या इंचॉनजवळच्या नव्या भरावक्षेत्राकडे वळल्या होत्या. तिथल्या रहिवाशांनी मात्र नाक दाबून गप्प बसायचं नाकारलं. प्लास्टिक आणि कागद वर्षानुवर्षं पडून राहतात. नाकाला झोंबतं ते कुजणारं अन्न, आणि जमिनीत झिरपतो तो त्याचाच काळा पाझर.

सरकारने पावलं एकामागून एक टाकली. १९९५मध्ये ‘जोंगन्यांगजे’ आली, म्हणजे जितका कचरा तितके पैसे. ठरलेली पिशवी विकत घ्यायची आणि तिच्यातूनच कचरा द्यायचा. २००५पासून शहरांतलं अन्न थेट भरावक्षेत्रात टाकायला बंदी झाली. पण अन्नावर प्रक्रिया करताना जे खारट, आंबूस पाणी सुटतं, ते त्यानंतरही जहाजांत भरून समुद्रात सोडलं जाई. सागरी प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारात देश सामील झाल्यावर २०१३मध्ये तेही थांबलं. त्याच वर्षी उष्ट्यावर वेगळी आकारणी देशभर सुरू झाली. १९९५मध्ये जेमतेम दोन टक्के वाया अन्नाचा पुनर्वापर होई. आता तो ९५ टक्क्यांच्या घरात आहे.

यात मोलाचा भाग वजनकाट्याचा आहे, आणि सोसायटीत राहणाऱ्या मराठी वाचकाला तो लगेच कळेल. सुरुवातीला अनेक अपार्टमेंटमध्ये सगळ्यांसाठी एकच मोठी बादली असे आणि बिल सगळ्या घरांत सारखं वाटलं जाई. पाण्याचं बिल माणसांकडे न बघता फ्लॅटमागे वाटलं की काय होतं हे वेगळं सांगायला नको. जपून वागणाऱ्याला फायदा नाही, उधळणाऱ्याला तोशीस नाही. कार्डवाल्या यंत्राने प्रत्येक घराचा हिशेब वेगळा केला. सोलमध्ये अशी सुमारे सहा हजार यंत्रं बसली आणि सहा वर्षांत ४७ हजार टन अन्नकचरा कमी झाला.

गंमत म्हणजे काट्यावर चढतं त्यात अन्नापेक्षा पाणीच जास्त असतं. कोरियन जेवण रश्शाचं आणि सुपाचं. त्यात ‘बान्चान’: ताटाच्या डाव्या बाजूला आपण वाढतो तशा चवीच्या वाट्या, फक्त संख्येने कितीतरी जास्त. किमची, मोड आलेलं सोयाबीन, पालक, तळलेली बारीक मासळी. हॉटेलात या वाट्या न मागता येतात, संपल्या की फुकट पुन्हा भरतात, आणि निम्म्या तशाच परत जातात. या कचऱ्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. म्हणून सिंकच्या जाळीतलं उरलंसुरलं निथळत ठेवायचं, मुठीत घट्ट पिळायचं आणि मगच डबा खाली न्यायचा, ही सवय घराघरांत मुरली. चार थेंब पिळले की चार पैसे वाचतात.

हे पिळण्याचं काम करायला पुढे यंत्रं आली. एक जात तापवून वाळवणाऱ्या आणि दळणाऱ्या डब्यांची: रात्री उरलेलं आत टाकायचं, काही तासांनी किलोभर कचऱ्याची दोनशे ग्रॅमच्या आसपास कोरडी भुकटी. दुसरी जात जिवाणूंची. उबदार डब्यात जिवाणू असतात, आतलं पातं अधूनमधून कालवत राहतं आणि अन्न विरघळून मातीसारखं होतं. फार खारट किंवा तिखट काही पडलं की जिवाणू आजारी पडतात, म्हणून किमचीप्रेमी घराला जपावं लागतं. तिसरं यंत्र सिंकखाली बसतं आणि अन्न बारीक करतं. त्यातला ८० टक्के घन भाग परत काढून घेतलाच पाहिजे, असं कायदा सांगतो. तरी जाळी काढून सगळं गटारात सोडणारे निघतात आणि तुंबलेल्या नळ्यांचा त्रास अख्ख्या इमारतीला होतो.

ही यंत्रं सोयीची आहेत, वासापासून सुटका करतात, पण त्यांचं एक मात्र खटकतं. वाळवणारा डबा बिल कमी करतो, वाया जाणारा भात नाही. काट्याने जे डोळ्यांसमोर आणलं, तेच हा डबा भुकटी करून पुन्हा नजरेआड करतो, आणि वर वीज खातो.

पुनर्वापराचा ९५ टक्के हा आकडाही ऐकायला जितका भरघोस वाटतो, तितका तो सरळ नाही. गोळा झालेल्या अन्नाचं पशुखाद्य होतं, खत होतं, बायोगॅस होतो. मात्र किमची आणि सोया सॉसचं मीठ खतातही उतरतं, आणि खारट खत शेतकऱ्याला नको असतं. २०१९मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर देशात शिरला तेव्हा उरलेलं अन्न डुकरांना घालण्यावर बंधनं आली. जनावर खाईल का, ही मूळ कसोटीच डळमळली. आणि एवढं सगळं करूनही दिवसाला सुमारे १४ हजार टन अन्न वाया जातंच. माणशी पाव किलोहून जास्त, हॉटेलं धरून.

म्हणून कोरियाने आता कचऱ्याच्या डब्याऐवजी फ्रीजकडे मोर्चा वळवला आहे. १ जानेवारी २०२३पासून पाकिटावर ‘विक्रीची मुदत’ छापणं जाऊन ‘खाण्याची मुदत’ आली. आधीची तारीख दुकानदारासाठी होती, पण ती उलटली की घरातलं चांगलं पाकीटही लोक टाकून देत. सरकारने दिलेल्या नव्या मापांत टोफूची मुदत १७ दिवसांवरून २३ दिवसांवर गेली, हॅमची ३८वरून ५७वर. दूध मात्र यातून २०३१पर्यंत बाजूला ठेवलं आहे. कारण दुकानातली बरीच शीतकपाटं समोरून उघडी असतात, गारवा बाहेर सांडतो आणि आत नेमकं किती तापमान आहे याचा भरवसा नसतो. तेव्हा सध्या तिथल्या दुकानांत शीतकपाटांना काचेची दारं बसवण्याचं काम चालू आहे.