लेकराच्या आतड्याचा आजार : रक्तात काय येते, काय येत नाही



लेकराचे जुलाब थांबत नाहीत, शीतून रक्त जाते, खाल्लेले अंगी लागत नाही. मग घरात बोलणे सुरू होते. कुणी म्हणते, "हे हिच्या माहेरचं आलं." कुणी म्हणते, "मागच्या जन्माचं असेल." कुणी अंगारा आणून देते. यात लेकराचे महिने जातात आणि आई मात्र गुन्हेगार ठरते. म्हणून या वेळी आम्ही या आजाराविषयी सांगणार आहोत.

मुलांचे बहुतेक जुलाब दूषित पाण्याने आणि जंतूंमुळे होतात व काही दिवसांत थांबतात. पण काही मुलांच्या आतड्याला कायमची सूज राहते, जखमा होतात. डॉक्टर त्याला आयबीडी म्हणतात. त्याचे मुख्य दोन प्रकार आहेत. क्रोन्स हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, तर अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो. हा संसर्गाचा रोग नाही. एका ताटात जेवल्याने तो लागत नाही.

मग तो येतो कुठून? आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. त्यातले कोणते आपले आणि कोणते घातकी, हे शरीराची संरक्षक फौज ओळखते. ही ओळख कशी करायची, त्याच्या सूचना जनुकांत असतात. निम्मी जनुके आईकडून येतात, निम्मी बापाकडून. सूचनेत बिघाड असला तर फौज आपल्याच आतड्यावर हल्ला करते. २००१ साली नॉड-टू या जनुकातले असे बदल क्रोन्सशी जोडलेले सापडले. आता अशा २०० हून अधिक जागा माहीत झाल्या आहेत. युरोपातल्या रुग्णांत सापडलेले नॉड-टूचे ते बदल भारतीयांत मात्र फारच कमी दिसतात. म्हणून इथल्या लोकांचा वेगळा अभ्यास लागतो. उत्तर भारतीय रुग्णांवरचा असा एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

जनुक म्हणजे नशीब नव्हे. एकसारख्या जुळ्यांची सगळी जनुके सारखीच असतात. तरी एकाला क्रोन्स झाला, तर दुसऱ्यालाही तो होतो अशा जोड्या निम्म्याहून कमी. आई-बापाला आजार असेल तर मुलाचा धोका वाढतो, पण अशा बहुतेक मुलांना तो होत नाही. आहार, धूम्रपान, लहानपणी वारंवार दिलेली अँटिबायोटिक औषधे यांचाही संबंध दिसतो. अनेक कारणे एकत्र आली म्हणजे कार्य घडते, हा प्रतीत्यसमुत्पाद आपण विहारात ऐकतोच.

एक प्रकार वेगळा आहे. तान्ह्या बाळाला पहिल्या काही महिन्यांतच असा आजार झाला, तर कधी कधी एकाच जनुकातला मोठा बिघाड कारण असतो. आयएल-टेन नावाच्या सूज शमवणाऱ्या यंत्रणेतला असा बिघाड २००९ साली सापडला. यात आई आणि बाप दोघेही निरोगी असतात, पण दोघांत एकेक बिघडलेली प्रत लपलेली असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला चारात एक धोका असतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे आहे. जवळच्या नात्यात तीच बिघडलेली प्रत दोघांत असण्याची शक्यता वाढते. सोयरीक जुळवताना हे ध्यानात घ्यावे. जनुकांची तपासणी मात्र सगळ्यांना लागत नाही. ती मुख्यतः अशा लहान बाळांसाठी असते.

कधी सावध व्हायचे? जुलाब चार आठवड्यांहून जास्त चालले, शीत रक्त दिसले, वजन घटले, उंची खुंटली, संडासच्या जागी फोड वा भेगा झाल्या, वारंवार ताप आला किंवा सांधे दुखले, तर थांबू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना दाखवा. तिथून अहिल्यानगरचे जिल्हा रुग्णालय आणि गरज पडली तर पुण्याचे ससून. रक्त, शी आणि दुर्बिणीची तपासणी होते. आतड्याचा टीबी अगदी असाच दिसतो, म्हणून तो आहे का हे आधी पाहावेच लागते. टीबी असताना नुसते स्टेरॉइड दिले तर तो बळावतो. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नका. आजार ठरल्यावर, बरे वाटले म्हणून औषध बंदही करू नका. नीट उपचार मिळाले तर मूल वाढते, शिकते.

१९५७ साली प्रसिद्ध झालेला आणि आपल्या घरोघरी असलेला 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडून पाहा. गतजन्मीच्या कर्माचे म्हणणे खोडताना बाबासाहेबांनी आनुवंशिकतेचाच दाखला दिला आहे. मूल घेते ते आई-बापाकडून, मागच्या जन्मातून नव्हे. आणि आई-बापाकडून आले, तरी त्यात दोष कुणाचाच नाही.

जुलाबाने आजारी, आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले होते. त्याला कर्म विचारले नव्हते. आपणही त्या आईला दोष देऊ नये, लेकराला घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात जावे.