आराखड्याआधी मोजणी

१९९०च्या दशकात हार्बर मार्गावरची लोकल कित्येक ठिकाणी झोपड्यांच्या दोन रांगांमधून वाट काढत जायची. काही घरांच्या दारापासून रूळ जेमतेम मीटरभर अंतरावर. पाणी आणायचे तर रूळ ओलांडायचा, शौचाला जायचे तर रूळ ओलांडायचा. माणसे गाडीखाली येत. मोटरमनला वेग आवरता घ्यावा लागे आणि त्याचा फटका पुढच्या साऱ्या गाड्यांना बसे. मुंबईला जादा मार्गिका तर हव्याच होत्या, पण त्या टाकायला जागा होती ती याच पट्ट्यात.

मुंबई नागरी परिवहन प्रकल्प, म्हणजे एमयूटीपी, आखला गेला तो ही कोंडी फोडण्यासाठी. कुर्ला–ठाणे दरम्यान पाचवी-सहावी मार्गिका, बोरिवली–विरार चौपदरीकरण, जास्त आणि लांब गाड्या अशी कामे त्यात होती. १९९९ साली रेल्वे मंत्रालय (५१ टक्के) आणि महाराष्ट्र शासन (४९ टक्के) यांनी मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन केले. जून २००२ मध्ये जागतिक बँकेने कर्ज मंजूर केले. रुळांकडेच्या माणसांचा हिशेब मात्र त्याच्या बराच आधी सुरू झाला होता, आणि या प्रकल्पातली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट तीच आहे.

१९८८ मध्येच ‘स्पार्क’ ही संस्था, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची ‘महिला मिलन’ यांनी रुळांलगतच्या वस्त्यांची पाहणी प्रसिद्ध केली होती. पुढे १९९५ साली माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या अध्यक्षतेखाली पुनर्वसनाचे धोरण ठरवायला कृतिदल नेमले गेले, तेव्हा ‘स्पार्क’ला त्यात जागा मिळाली. १९९७ मध्ये शासनाने ते धोरण स्वीकारले.

मोजणी वस्तीनेच केली. घरांना क्रमांक पडले, नकाशे काढले गेले, रुळापासून ३० फुटांच्या आत कोणते घर येते ते ठरले. कोण भाडेकरू, कोण मालक, कोण कामाला बाहेर गेलेले, हे सरकारी कर्मचाऱ्यापेक्षा शेजारणीला पक्के ठाऊक असते. याद्या वस्तीत लावल्या, राहून गेलेल्यांनी नावे घालून घेतली. सुमारे ५० कुटुंबांचा एक गट करून घर हलण्याआधीच सहकारी सोसायट्यांची बांधणी झाली. फेडरेशनचे नेते जॉकिन अर्पुथम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागे अशा कामाची वर्षे होती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत रेल्वेने हार्बर मार्गालगतच्या सुमारे २,००० झोपड्या पाडल्या. बोलणी चालू असताना बुलडोझर आला, हा विश्वासघात होता. बायका रस्त्यावर उतरल्या, पाडकाम थांबले. त्यानंतर जे घडले ते देशात क्वचितच घडले असेल: ६०,०००हून अधिक माणसे जबरदस्तीशिवाय रुळांपासून हलली. अनेकांनी झोपडी स्वतःच्या हातांनी उतरवली. काहींना आधी तात्पुरत्या खोल्या मिळाल्या, मग २२५ चौरस फुटांचे पक्के घर.

याच प्रकल्पातल्या रस्त्यांकडे पाहिले की फरक ध्यानात येतो. सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्यात कुर्ल्याच्या दुकानदारांची दुकाने जात होती. पर्यायी जागेवर धंदा चालेल का, हे त्यांना कोणी धड विचारले नाही. २००४ मध्ये ते थेट जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे गेले. पॅनेलचा अहवाल त्यांच्या बाजूने आला आणि मार्च २००६ मध्ये बँकेने प्रकल्पाच्या रस्ते आणि पुनर्वसन या भागांचे पैसे काही महिने रोखले. रस्ता खुला झाला एप्रिल २०१४ मध्ये.

रुळांकडेची गोष्टही सगळी गोड नाही. नवी घरे बिल्डरांनी टीडीआरच्या, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्कांच्या, मोबदल्यात बांधली. मानखुर्द-गोवंडीतील लल्लुभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारती इतक्या खेटून उभ्या राहिल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. तिथल्या क्षयरोगाचा आणि कोंदट घरांचा संबंध नंतरच्या अभ्यासातून पुढे आला. लिफ्ट बंद पडते, शाळा आणि घरकामाची जुनी ठिकाणे लांब पडतात. कोण हलणार आणि कसे, हे लोकांनी ठरवले. इमारत कशी असावी, हे ठरवताना त्यांचा आवाज क्षीण होता. सहभाग जिथे संपला, तिथूनच आजार सुरू झाला.

आपल्याकडे नगररचनेच्या कायद्याने जनतेला दिलेला हक्क आहे ‘हरकती व सूचना’ मांडण्याचा. आराखडा तयार झाल्यावर, नकाशा छापल्यावर, ठरावीक मुदतीत. माणूस तेव्हा फक्त नाही म्हणू शकतो. रोज कुठून कुठे जाता, किती वाजता, कशाने आणि का, हे आराखड्याआधी लोकांना विचारले तर होकारालाही जागा राहते.

एमयूटीपीचे पुढचे टप्पे चालू आहेत. तिसऱ्या टप्प्यातल्या ऐरोली–कळवा मार्गावरचे दिघा गाव स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी खुले झाले; पण तिथून कळव्याकडे जाणारा उन्नत मार्ग पुनर्वसनाच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे अडून राहिला. तिथल्या घरांची मोजणी तिथल्याच बायकांच्या हाती द्यावी आणि इमारतीचा नकाशाही त्यांच्यासमोर बसूनच काढावा.