घड्याळाच्या पाठीवरचा बाण

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमचा भाचा घरी आला तो मनगट पुढे करूनच. "मामू, बघा. दुसऱ्या महायुद्धातलं खरं फौजी घड्याळ!" पहिल्या पगारातून त्याने ते मुंबईच्या एका जुन्या बाजारात घेतले होते. काळी तबकडी कोरी करकरीत चमकत होती. आम्हाला शंका आली ती त्या चमकेचीच.

जुनी फौजी घड्याळे जमवण्याचा शौक आम्हालाही आहे. शिक्षकाच्या पगारात घड्याळे थोडी, वाचन जास्त. पहिल्या महायुद्धापूर्वी पुरुष घड्याळ खिशात ठेवत. मनगटावरचे घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. खंदकात हातात बंदूक असताना खिसा चाचपणे जमेना, आणि घड्याळ मनगटावर आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने 12 कंपन्यांकडून एकाच नमुन्याची घड्याळे बनवून घेतली. त्यांत ओमेगा, लाँजिन, सिमा, व्हर्टेक्स, ग्राना अशी नावे होती. काळी तबकडी, पांढरे आकडे, सहाच्या जागी सेकंदाचे छोटे वर्तुळ, आत पाणी न शिरणारी केस. पाठीवर सरकारी मालाची खूण म्हणून बाण आणि तीन 'डब्ल्यू'. बहुतेक माल 1945 मध्ये पोहोचला. तोवर युद्ध संपत आले होते. बाराही जमवणे हे शौकिनांचे स्वप्न असते, पण ग्राना सहसा हाती लागत नाही.

अंधारात वेळ दिसावी म्हणून काट्यांवर रेडियमचा रंग लावत. इतक्या वर्षांत तो तपकिरी पडतो, चमकणेही थांबते. पण किरणे थांबत नाहीत. रेडियम निम्मे व्हायलाच सुमारे 1,600 वर्षे लागतात. म्हणून असे घड्याळ घरी उघडू नये, रंग खरवडू नये, मुलांना खेळायला देऊ नये.

भाच्याच्या घड्याळाला आम्ही भिंग लावले. आकड्यांच्या कडा थरथरलेल्या, सेकंदाचे वर्तुळ किंचित सरकलेले, पाठीवरचा बाण कालच कोरल्यासारखा धारदार. तबकडी नव्याने रंगवली होती. अशा घड्याळांना परदेशातले शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात. आपल्या शहराचे नाव असे घेतले जाते याचे वाईट वाटते. खरे तर या कारागिरांनी बंद पडलेली घड्याळे एकाचे चाक दुसऱ्याला लावून चालती केली आणि गरिबाच्या मनगटावर वेळ आणली. रंगवणे हा गुन्हा नाही. रंगवलेले अस्सल म्हणून विकणे, हा ऐब लपवणे झाला.

भाचा गप्प बसला. मग म्हणाला, "मामू, मीही कुणाला तरी खपवून टाकतो. मला कुठे कुणी सांगितलं होतं?"

आम्ही लगेच काही बोललो नाही. पैसे त्याच्या घामाचे होते. ढिगाच्या आत ओले धान्य लपवणाऱ्या व्यापाऱ्याचा किस्सा त्याला लहानपणी आम्हीच सांगितला होता. इतकेच विचारले, "तुला फसवणाऱ्यालाही आधी कुणी फसवलं असेल. मग हे थांबायचं कुणाकडे?"

आपल्यापैकी कुणाच्या घरी फौजेतून आलेल्या आजोबांचे घड्याळ असेल, तर एक विनंती. लग्नात नातवाला द्यायचे म्हणून ते पॉलिश करू नका, तबकडी रंगवू नका. पॉलिशने पाठीवरची खूण पुसट होते, आणि ती खूण हाच त्याचा दाखला असतो. जाणत्या कारागिराकडून फक्त यंत्र साफ करून घ्या. आजोबांचे नाव, पलटण, जे आठवते ते कागदावर लिहून सोबत ठेवा.

भाच्याने जाण्यापूर्वी कागद मागितला. लिहिले : "तबकडी रंगवलेली. पाठीवरचा बाण नंतरचा." चिठ्ठी घडी करून त्याने घड्याळाच्या डबीत ठेवली आणि घड्याळ पुन्हा मनगटावर बांधले. वेळ मात्र ते बरोबर दाखवत होते.