आवाज काढा... कागदावर!

मे महिन्यातली दुपार. रामदासपेठेतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. कुलर घरघरतोय, ताई ड्यूटीवर गेलीय आणि तिचं दोन वर्षांचं पोट्टं तुमच्या हवाली आहे. तुम्ही मावशी असा की मामा, पहिली दहा मिनिटं लाडात जातात. अकराव्या मिनिटाला तुमचा हात मोबाइलकडे वळतो. खरं सांगा, वळतो ना?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगून ठेवलंय, एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास. हे तुम्हालाही माहीत असतं अन् ताईलाही. अडतं ते पुढे, की मग करायचं काय?

जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करा, कोरी बाजू वर ठेवून टेपने फरशीवर चिकटवा. कागद जितका मोठा तितकं बरं. एखादा जाड खडू द्या. ओला रंग हवा असेल तर बिटाचा रस, पालकाचा रस, कणकेच्या खळीत कालवलेली हळद. बोट तोंडात जाणारच आहे, त्यामुळे रंग स्वयंपाकघरातलेच बरे. (हळदीपासून सोफा मात्र लांब ठेवा, नाहीतर संध्याकाळी ताई तुम्हाला रंगवेल.) आता गाणं लावा, बेताच्या आवाजात. ‘नाच रे मोरा’ चालेल. 1953 च्या ‘देवबाप्पा’तलं हे गाणं गदिमांनी लिहिलं, चाल पुलंची आणि आवाज आशाताईंचा. सत्तर वर्षं झाली, अजून पोरं त्यावर डुलतात.

आता फक्त बघत बसा. एवढंसं मूल आपल्यासारखं बोटांनी चित्र काढत नाही, ते खांद्यापासून अख्खा हात फिरवतं. नाचतानाही हात तसाच फिरतो. म्हणून ढोलकी वाजली की कागदावर ठिपके पडतात, बासरी लागली की लांब रेघा येतात. दरवेळी असंच होईल असं नाही हं, कधीकधी ते खडूच खाऊन बघेल. गाणं मधेच बंद करा. हातही थांबतो का बघा. ‘थांब’ म्हणून ओरडून जे जमत नाही, ते या खेळात हसत-हसत जमू लागतं. गाणी संपली की कुलर आहेच. त्याची घरघर कागदावर काढायला सांगा!

एकच पथ्य पाळा. त्याचा हात धरून फूल काढायला लावू नका आणि दर दोन मिनिटांनी ‘हे काय काढलंस?’ विचारू नका. ऱ्होडा केलॉग या अमेरिकन बाईंनी लहान मुलांच्या चित्रांचा प्रचंड साठा जमवला आणि 1969 च्या पुस्तकात त्यातले गिरगोट्याचे वीस मूळ प्रकार मांडले. आपण ज्याला गिचमिड म्हणून चुरगाळतो ना, तीच ही. आजकालच्या काही अॅक्टिव्हिटी क्लासेसमध्ये पालकांच्या ग्रुपवर टाकायचा फोटो छान यावा म्हणून शेवटचा हात मोठी माणसंच फिरवतात. त्या सुंदर मोरात पोराची एकही रेघ नसते. त्याला एवढंच कळतं, की आपलं काढलेलं चालत नाही.

हे सगळं महागड्या खेळण्यांशिवाय होतं, हे महाराष्ट्राने फार आधी पाहिलंय. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. परदेशी पद्धतीची महाग साधनं परवडणारी नव्हतीच. मग पानं, बिया, शिंपले, खडे हीच साधनं झाली, आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गंमत म्हणजे हा सगळा भाग वारल्यांचा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला तारपा नाच तुम्ही पाहिलाच असेल, मधे वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग. सूर चितारायचा म्हटलं तर आणखी काय लागतं? तिकडे युरोपात कांडिन्स्की जानेवारी 1911 मध्ये म्युनिकला शोनबर्गची मैफल ऐकून आला आणि पिवळ्या रंगाने कॅनव्हास भरून टाकला. त्याचं जगभर नाव झालं. आपल्या पोट्ट्याने हळदीने फरशी पिवळी केली की आपण फडकं शोधतो.

आणि आपल्या नागपूरकडे तर तान्हा पोळा आहे! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन निघालेली चिल्लीपिल्ली, त्यांच्या तोंडी झडत्या. रंग, ताल, शब्द, सगळं एकाच मिरवणुकीत. फक्त तो बैल आपण रंगवलेला, सजवलेला विकत आणतो. यंदा दुकानदाराला बिनरंगाचा मागा. आदल्या रात्री झडत्या म्हणत पोराला तो रंगवू द्या. बैल निळा झाला तर निळा, शिंगं हिरवी तर हिरवी. शेजारच्या काकू हसल्या तर त्यांनाही एक ब्रश द्या.