संगणकाच्या भाषेची जोडअवजारे

भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांतून आता पॉवर टिलर फिरताना आपण पाहतोच. त्याचे इंजिन एकच. मागची जोडणी मात्र कामाप्रमाणे बदलते. सगळी अवजारे इंजिनालाच कायमची जोडून दिली, तर ते धूड बांधाशी वळायचेसुद्धा नाही! संगणकाच्या काही भाषांची रचना अशीच आहे. मूळ भाषा आटोपशीर ठेवायची आणि लागेल ते अवजार वेळेवर जोडायचे. या जोडअवजारांना मॉड्यूल म्हणतात.

पायथन ही अशीच एक भाषा. हॉलंडच्या गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यात आज्ञा लिहावी आणि लगेच चालवून पाहावी, अशी सोय आहे. म्हणून शाळेला ती सोपी जाते.

समजा, वेल्हे तालुक्यातल्या (आता त्याला राजगड नाव मिळाले आहे) एखाद्या गुरुजींनी शाळेच्या पर्जन्यमापकावरचे आकडे रोज वहीत टिपले आहेत. ते संगणकात घातले. ‘१२३’ असे देवनागरी अंक लिहिले आणि याची संख्या कर म्हटले, तर पायथन ते बिनतक्रार ओळखते. आपल्या अंकांना इतका मान फार थोड्या भाषा देतात. सरासरी काढण्याचे मॉड्यूल २०१४ पासून भाषेबरोबरच मिळते. ‘इम्पोर्ट’ ही आज्ञा आणि मॉड्यूलचे नाव लिहिले की ते हाताशी आले. आलेख काढायचा तर मात्र बाहेरचे अवजार आणावे लागते. मॅटप्लॉटलिब हे त्यातले नावाजलेले. जॉन हंटर हे अमेरिकन संशोधक अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-लहरींचा अभ्यास करीत होते, त्या कामाच्या गरजेतून ते जन्मले. मेंदूच्या लहरी काय किंवा आषाढातला पाऊस काय, आलेखाला दोन्ही सारखेच.

पण इथे एक ठेच लागते, बरे का. या मॉड्यूलच्या अनेक आवृत्त्यांत मराठी फाँट दिला, तर ‘भोर’ नीट उमटते. ‘वेल्हे’ मधले जोडाक्षर मात्र फुटते, आणि ‘किकवी’ ची पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. ज्याने अवजार घडवले त्याच्या शेतात ही जमीन नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. शिक्षकांनी याची लाज धरू नये. मुलांना ते दाखवावे.

याहून नाजूक गोष्ट हजेरीपटाची. कासार, काळे, कावळे ही आडनावे क्रमाने लाव, असे नुसत्या पायथनला सांगितले, तर ती काळे, कावळे, कासार असा क्रम देते. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, म्हणजे काळे शेवटी हवेत. संगणकाच्या अक्षरसंकेतात मात्र ‘ळ’ ला ‘ल’ शेजारी बसवले आहे आणि पायथन तेच आकडे पाहते. पायआयसीयू नावाचे मॉड्यूल जोडून मराठीचा क्रम मागितला की काळे आपल्या जागी जातात. माझ्या मते मॉड्यूलचे मोल मुलांना यातून जितके कळेल, तितके व्याख्येतून कळणार नाही.

ही अवजारे ठेवण्याचे एक सार्वजनिक कोठार आहे. त्यात पाच लाखांहून अधिक मॉड्यूले आहेत आणि ती फुकट मिळतात. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी घडवलेले ‘मायावी’ हे मॉड्यूलही त्यात आहे. ते आकड्यांची त्रिमिती चित्रे काढते. मात्र कोठारात कोणीही माल ठेवू शकतो. प्रसिद्ध मॉड्यूलच्या नावात एखादे अक्षर बदलून ठेवलेला खोटा माल २०१७ मध्ये तिथे सापडला होता. तेव्हा नाव अक्षरन् अक्षर तपासल्याशिवाय काही उतरवू नका. दुसरा धोका परावलंबनाचा. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेच्या कोठारातून मार्च २०१६ मध्ये एका कर्त्याने आपले अवघ्या अकरा ओळींचे मॉड्यूल काढून घेतले, आणि त्याच्यावर विसंबलेल्या हजारो कार्यक्रमांची जुळणी अडली. काही तासांतच ते परत ठेवावे लागले.

आता डोंगराआडच्या शाळांविषयी. तिथे नेटवर्क येते-जाते, म्हणून मॉड्यूल आणायचे कसे, असा प्रश्न पडेल. भोरला किंवा पुण्याला नेटवर्क असलेल्या संगणकावर ‘पिप डाउनलोड’ ही आज्ञा देऊन फायली पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि शाळेत त्याच फायलींवरून मॉड्यूल बसवावे. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी पाठही असेच उतरवून नेता येतात. फक्त दोन्ही संगणकांवर पायथनची आवृत्ती आणि कार्यप्रणाली एकच असावी, नाही तर नेलेली फाइल तिथे बसत नाही. मॉड्यूलचे नाव व आवृत्तीचा आकडा जडसंग्रहाच्या नोंदवहीत लिहून ठेवावा. बदली होऊन येणाऱ्या गुरुजींना तो लागतोच.