ढगाला हिरवा रंग दिला की झुडूप

टीव्हीला जोडायच्या कॅसेटच्या व्हिडिओ गेममध्ये ज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या गेल्या, त्यांनी १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधले ढग आणि झुडपं शेकडो वेळा पाहिली असतील. झुडूप म्हणजे त्याच ढगाचा वरचा भाग. ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा, एवढाच काय तो फरक. मारिओचा भाऊ लुइजी हाही रंग बदललेला मारिओच. याला आळस म्हणता येणार नाही. त्या यंत्रात पार्श्वभूमीसाठी एका वेळी चारच छोटे रंगसंच मिळत, प्रत्येकात तीन रंग आणि एक सगळ्यांचा सामाईक. एवढ्यात अख्खं जग उभं करायचं, तर चित्र आणि रंग यांची फारकत करणंच भाग होतं.

मर्यादित रंगांच्या चित्राची सगळी गंमत या फारकतीत आहे. मोबाइलने काढलेल्या फोटोत प्रत्येक पिक्सेल आपला लाल, हिरवा आणि निळा स्वतःजवळ बाळगतो. ‘इंडेक्स्ड’ चित्रातल्या पिक्सेलजवळ मात्र फक्त एक क्रमांक असतो. रांगोळीच्या डब्यांवर नंबर टाकावेत आणि ठिपक्याजवळ नुसतं ‘सात’ लिहावं, तसं. सातव्या डब्यात काय भरलंय, हे वेगळ्या तक्त्यात. हा तक्ता म्हणजेच पॅलेट.

एकेकाळी यात मोठी काटकसर होती. १९८७ साली आयबीएमचं व्हीजीए आलं. त्यात २,६२,१४४ रंगांतून निवडलेले २५६ रंग एका वेळी पडद्यावर दिसत. ३२० बाय २०० पिक्सेलच्या चित्राला ६४,००० बाइट लागत, शिवाय तक्त्याचे ७६८. तेच प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट द्यायचे म्हटलं तर १,९२,००० झाले असते. त्याच वर्षी कॉम्प्युसर्व्ह कंपनीने आणलेला गिफ हा फाइलप्रकारही २५६ रंगांच्या तक्त्यावरच बेतलेला होता. गुड मॉर्निंगच्या गिफ पाठवणाऱ्यांना याची कल्पना नसते, आणि असायची गरजही नाही.

आज जागेची ददात नाही, पण संपादनाची सोय तशीच आहे. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘इमेज’, ‘मोड’, ‘इंडेक्स्ड’ असं करत गेलं की किती रंग हवेत ते विचारलं जातं. सोळा म्हणा. मग ‘कलरमॅप’ची खिडकी उघडली की सोळा चौकोन दिसतात. एका चौकोनावर डबल क्लिक करून रंग बदलला की चित्रात जिथे जिथे तो क्रमांक असेल, तिथे तिथे तो एका झटक्यात बदलतो. सिलेक्शन करायला नको, कडा खरवडायला नकोत. फोटोशॉपमध्ये हेच काम ‘कलर टेबल’मधून होतं.

अडचण पुढे येते. समजा, एका व्यंगचित्रातल्या खेळाडूचा लाल शर्ट निळा करायचाय. केला, तर ओठही निळे! दोघांचा क्रमांक एकच होता ना. यावरचा उपाय जुना आणि जरा बावळट वाटेल असा आहे, पण हमखास चालतो. तक्त्यात एक नवा रंग वाढवा आणि तो मुद्दाम भडक ठेवा. चित्रात दुसरीकडे कुठेही नसलेला जांभळा, म्हणा. पेन्सिलने ओठ जांभळे करून घ्या. मग तक्त्यातला तो जांभळा बदलून पुन्हा लाल करा. आता दिसायला लाल एकच, पण क्रमांक दोन. सुरुवातीलाच दोन्ही चौकोन सारखे लाल ठेवले तर गिंपला आपल्याला कोणता हवाय हे कळत नाही. रंगवताना तो क्रमांक बघत नाही, जवळात जवळचा रंग शोधतो.

कोणते सोळा रंग ठेवायचे, हे सॉफ्टवेअरवर सोडलं तर ते बहुमताने ठरवतं. आकाशाने भरलेल्या फोटोत निळ्याच्या पाच छटा टिकतात आणि पतंगाचा इवलासा लाल ठिपका तपकिरी होऊन बसतो. असे रंग हाताने तक्त्यात घालावेत, हे माझं ठाम मत. कमी रंगांत छटांचा भास हवा असेल तर ‘डिदरिंग’ असतं. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ची पद्धत आजही चालते: पिक्सेलच्या रंगात झालेली चूक शेजाऱ्यांत वाटून टाकायची, उजवीकडच्याला सोळातले सात भाग, खालच्या तिघांना तीन, पाच आणि एक. फोटोला हे छान दिसतं. पण तक्ता बदलत काम करायचं असेल तर डिदरिंग बंदच ठेवा, नाहीतर शर्टाचे ठिपके गालावर, मानेवर, कुठेही विखुरलेले सापडतात.

या तंत्राचा कळस म्हणजे एकही पिक्सेल न हलवता केलेली हालचाल. तक्त्यातले काही रंग ओळीने पुढे सरकवत राहिले की चित्रातलं पाणी वाहू लागतं. मारिओमधले चमचमणारे प्रश्नचिन्हाचे ठोकळे असेच चमकतात. डॅन सिल्व्हा यांनी लिहिलेल्या ‘डीलक्स पेंट’मध्ये, म्हणजे १९८५ पासून, चित्रकाराला ही सोय हाताशी होती, आणि मार्क फेरारी यांनी पुढे तिच्यावर धबधबे, पाऊस, बर्फ असं काय काय रंगवलं. डीलक्स पेंटच्या फाइलमध्ये कोणते रंग फिरवायचे हेही साठवता येई. गिफमध्ये तशी जागाच नाही, त्यामुळे तेच पाणी गिफमध्ये वाहवायचं तर एकेक चौकट वेगळी काढून जोडावी लागते.